रानभ्रमंतीतील कीटकदंश व प्रतिबंध

रानभ्रमंतीतील कीटकदंश म्हणजे जंगल, माळरान, घाटमाथा किंवा गडकिल्ल्यांवर प्रवास व मुक्काम करताना डास, वालुमाशी, गोमाशी, पिसू यांसारख्या रक्तशोषक कीटकांचा होणारा उपद्रव. गोचीड व चिगर हे आठ पायांच्या अष्टपाद वर्गातील जीव असल्याने शास्त्रीयदृष्ट्या ते कीटक नव्हेत. मात्र त्यांचा उपद्रव आणि त्यावरील उपाय सारखेच असल्यामुळे त्यांचा विचार याच विषयात केला जातो. महाराष्ट्रात गिर्यारोहक, पक्षिनिरीक्षक, वनकर्मचारी, मेंढपाळ, काजूबागांतील मजूर आणि वनोपज गोळा करणारे आदिवासी या सर्वांचा कीटकदंशाशी नित्य संबंध येतो. बहुतेक दंश खाज व सूज यांपलीकडे जात नाहीत. तथापि हिवताप, डेंग्यू, माकडताप व स्क्रब टायफस हे दंशातून पसरणारे आजार प्राणघातक ठरू शकतात.

दंशाची प्रक्रिया

डासांमध्ये केवळ मादी चावते. अंडी तयार होण्यासाठी लागणारी प्रथिने तिला रक्तातून मिळतात. नर डास फुलांतील मध व वनस्पतींच्या रसावर जगतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराची उष्णता, घामातील लॅक्टिक आम्ल व त्वचेचा गंध यांच्या आधारे मादी भक्ष्य शोधते. चढणीवर दमलेला, घामाघूम झालेला माणूस तिला अधिक सहज सापडतो, त्याचे कारण हेच आहे. काळे व गडद निळे कपडे तिच्या नजरेत लवकर भरतात.

चावताना कीटक आपली लाळ त्वचेत सोडतो. लाळेतील द्रव्यांमुळे रक्त गोठत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा या परक्या द्रव्यांविरुद्ध हिस्टामिन सोडते व त्यातून खाज, लाली आणि गांधी उद्भवते. रोगजंतूंचा शिरकावही बहुतांशी याच लाळेतून होतो. डास, वालुमाशी व चिगर हे सोंडेने किंवा मुखांगांनी चावतात, तर मधमाशी व गांधीलमाशी पोटाच्या टोकावरील नांगीने डंख मारतात. डंखात रक्तशोषण नसते. तेथे विषबाधा हा मुख्य धोका असतो.

प्रमुख उपद्रवी जीव

डास: ॲनॉफिलीस डास हिवतापाचा प्रसार करतात व मुख्यतः सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावतात. डोंगरपायथ्याच्या वाहत्या ओढ्यांच्या कडेला ॲनॉफिलीस फ्लुविॲटिलिस ही जात आढळते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारे एडिस डास दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी चावतात. त्यामुळे केवळ रात्री मच्छरदाणी वापरणे पुरेसे ठरत नाही.

वालुमाशी: सँडफ्लाय या नावानेही परिचित असलेली ही केसाळ माशी साधारण 2 ते 3 मिलिमीटर लांब असते. भिंतींच्या भेगा, गोठे, वारुळे व ओलसर मातीत ती राहते. ती फार उंच किंवा दूर उडत नाही. लहान लहान उड्या घेत पुढे सरकते. नेहमीच्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आत शिरू शकते.

गोचीड: गुरे, कुत्री, मेंढ्या, माकडे व वन्यप्राणी यांच्या अंगावर गोचीड वाढते. ती उडत नाही किंवा झाडावरून झेपही घेत नाही. गवताच्या पात्यावर अथवा पाचोळ्यावर पुढचे पाय पसरून ती बसून राहते आणि जवळून जाणाऱ्या प्राण्याला चिकटते. तिची पिल्ले अत्यंत बारीक असल्याने अनेकदा नजरेस पडत नाहीत.

चिगर: ही ट्रॉम्बिक्युलिड माइटची अळी आहे. दाट झुडपे, उंच गवत, पडीक शेते व बांधांच्या कडेला ती आढळते. कंबरपट्टा, मांडीचा सांधा, काख अशा झाकलेल्या व घट्ट कपड्याखालच्या जागी ती चावते.

गोमाशी: ही दिवसा, उन्हात, गुरांच्या कळपाजवळ व पाणवठ्यावर त्रास देते. तिचे मुखांग त्वचा कापणारे असल्याने दंश वेदनादायक असतो व ती कपड्यावरूनही चावू शकते.

आग्या मधमाशी: कड्यांच्या कपारी, लेण्यांची छते व उंच झाडे येथे या माशीची मोठी, उघडी पोळी असतात. धूर, दगडफेक, फटाके, मोठा गोंगाट व उग्र अत्तरे यांनी त्या चवताळतात. सह्याद्रीतील गडांवर पर्यटकांच्या मृत्यूस कारण ठरणाऱ्या कीटकांमध्ये तिचा समावेश होतो.

पावसाळ्यात घाटमाथ्यावर त्रास देणारी जळू ही कीटक किंवा अष्टपाद नसून वलयांकित प्राण्यांच्या संघातील आहे. तिच्या दंशाची जखम बराच वेळ वाहते, परंतु महाराष्ट्रात तिच्यापासून रोगप्रसाराचा मोठा धोका मानला जात नाही.

भूप्रदेश व ऋतू

महाराष्ट्रातील उपद्रवाचे स्वरूप प्रदेशानुसार बदलते.

कोकण व सह्याद्री: जून ते ऑक्टोबर या काळात डास व जळवा यांचा त्रास अधिक असतो. पाऊस ओसरून पाचोळा सुकू लागला की गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम सुरू होतो व तो साधारण मे महिन्यापर्यंत चालतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग व सावंतवाडी तालुके तसेच गोव्यातील सत्तरी तालुका येथे काजूचा हंगाम नेमका याच काळात येतो. बागेतील पाचोळ्यात वाकून बी गोळा करणाऱ्या मजुरांना धोका अधिक असतो.

विदर्भ: गडचिरोली हा राज्यातील हिवतापाचा भार सर्वाधिक असलेला जिल्हा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर नागपूर व पूर्व विदर्भात चिगरपासून होणाऱ्या स्क्रब टायफसचे रुग्ण आढळतात.

सोलापूरचे माळरान: सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळी औद्योगिक वसाहत आणि सोलापूर-बार्शी मार्गावरील नान्नज यांच्या परिसरात कोरडवाहू शेती, गायराने व गवताळ माळ पसरलेले आहेत. नान्नज येथील माळढोक पक्षी अभयारण्याची स्थापना 1979 मध्ये झाली. काळवीट, लांडगा व माळावरील पक्षी पाहण्यासाठी येथे अभ्यासक येतात. या प्रदेशात दाट जंगल नसल्यामुळे कीटकांचा धोका नाही, असा समज होतो. प्रत्यक्षात मेंढ्या व गुरे चरत असलेल्या गवताळ जमिनीवर गोचीड असते आणि पक्षिनिरीक्षणासाठी गवतात बसून किंवा पालथे पडून राहणाऱ्यास ती सहज चिकटते. औद्योगिक वसाहतींच्या कडेला साचलेले पाणी, उघड्यावर पडलेले टायर व डबे ही एडिस डासांच्या पैदाशीची ठिकाणे असतात. यामुळे माळावर जाणाऱ्या प्रवाशास मुक्कामाच्या जागी दिवसा डास व माळावर गोचीड, अशा दोन्हींची दक्षता घ्यावी लागते.

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनपर्यंत भंडारदरा व राजमाची परिसरात काजवे पाहण्यासाठी रात्री मोठी गर्दी होते. वळवाच्या पावसानंतरच्या या दिवसांत डासांचाही उपद्रव वाढतो.

दंशातून पसरणारे आजार

माकडताप: या आजाराचे विषाणू 1957 मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम आढळले; म्हणून त्यास क्यासनूर जंगल रोग असे म्हणतात. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड त्याची मुख्य वाहक असून वानरे व माकडे त्यास बळी पडतात. जंगलात माकडे मेलेली आढळणे ही धोक्याची पहिली खूण मानली जाते. दीर्घकाळ कर्नाटकापुरता मर्यादित राहिलेला हा आजार पुढे केरळ, तमिळनाडू व गोव्यात आढळला. गोव्यातील सत्तरी तालुक्यात 2015 मध्ये आणि महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये त्याचा उद्रेक झाला. दंशानंतर साधारण 3 ते 8 दिवसांत एकाएकी तीव्र ताप, कपाळदुखी, स्नायूंत असह्य वेदना व उलट्या सुरू होतात. काही रुग्णांत रक्तस्राव होतो. मृत्युदर सुमारे 3 ते 5 टक्के आहे. यावर विशिष्ट विषाणूरोधक औषध नाही. रुग्णास वेळेवर आधारभूत उपचार मिळणे निर्णायक ठरते. एका माणसाकडून दुसऱ्यास हा रोग होत नाही.

स्क्रब टायफस: ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे होणारा हा आजार चिगरच्या दंशातून पसरतो. विदर्भात 2018 मध्ये त्याचे अनेक रुग्ण आढळले. दंशानंतर साधारण 6 ते 21 दिवसांनी ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. दंशाच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी, वेदनारहित खपली ही त्याची विशेष खूण होय. मात्र ती प्रत्येक रुग्णात दिसत नाही आणि झाकलेल्या जागी असल्याने अनेकदा दुर्लक्षित राहते. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त व सहज उपलब्ध प्रतिजैविकाने रुग्ण बरा होतो. उपचारास विलंब झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांवर परिणाम होऊन मृत्यू संभवतो.

चांदीपुरा विषाणू: नागपूरजवळील चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा विषाणू 1965 मध्ये प्रथम आढळला. त्याचा शोध पुण्याच्या तत्कालीन व्हायरस रिसर्च सेंटरमधील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी लावला. वालुमाशी ही त्याची वाहक असून मुख्यतः 15 वर्षांखालील मुलांना मेंदूज्वर होतो. मुलांसह ग्रामीण भागात मुक्काम करणाऱ्यांच्या दृष्टीने हा आजार महत्त्वाचा आहे.

क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप: हायलोमा जातीच्या गोचिडीपासून अथवा बाधित जनावराच्या रक्तातून हा रोग होतो. भारतात 2011 मध्ये गुजरातेत त्याचा उद्रेक झाला. गुरांच्या अंगावरील गोचीड बोटांनी चिरडणे त्यामुळे धोक्याचे असते.

प्रतिबंधक उपाय

पोशाख: फिकट रंगाचा, लांब बाह्यांचा सैल सदरा व पूर्ण लांबीची विजार हा सर्वांत साधा व परिणामकारक उपाय होय. विजारीचे टोक मोज्यात खोचल्यास गोचीड व चिगर यांना त्वचेपर्यंत पोहोचणे अवघड जाते. फिकट कापडावर गोचीड लगेच दिसते. अंगाला चिकटून बसणाऱ्या विणीच्या कापडातून डास सहज चावतो. म्हणून घट्ट कपड्यांपेक्षा दाट विणीचे सैल कपडे श्रेयस्कर ठरतात.

त्वचेवरील प्रतिकर्षके: प्रतिकर्षक द्रव्ये कीटकास मारत नाहीत; ती त्याची गंधसंवेदना गोंधळवतात. डीट हे द्रव्य अमेरिकी सैन्यासाठी 1940च्या दशकात विकसित झाले व 1957 पासून सामान्य वापरात आले. डीटचे प्रमाण वाढवल्याने संरक्षणाचा कालावधी वाढतो. सुमारे 50 टक्क्यांपुढे मात्र त्यात विशेष भर पडत नाही. डीट प्लास्टिक, चष्म्याच्या चौकटी, घड्याळाची काच व कृत्रिम धाग्यांचे कापड खराब करू शकते. पिकारिडिनमध्ये हा दोष नाही. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेने डेपा हे भारतीय प्रतिकर्षक विकसित केले असून माकडतापाच्या क्षेत्रात गोचीड दूर ठेवण्यासाठी ते वापरले जाते. भारतीय बाजारातील काही मलमांत डाय-एथिल-बेंझमाइड हे द्रव्य असते. लिंबूगंधी निलगिरीपासून मिळणारे पीएमडी हे वनस्पतिजन्य द्रव्यही परिणामकारक आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठी ते वापरू नये. डीट दोन महिन्यांखालील अर्भकांस लावू नये.

ऊन प्रतिबंधक मलम व प्रतिकर्षक दोन्ही वापरायचे असल्यास आधी ऊन प्रतिबंधक मलम व ते जिरल्यावर प्रतिकर्षक लावावे. डोळे, ओठ, जखमा व लहान मुलांचे तळहात टाळावेत. घाम आला किंवा ओढा ओलांडला की ते पुन्हा लावणे आवश्यक असते.

पर्मेथ्रिन: बूट, मोजे, कपडे व तंबू यांवर 0.5 टक्के पर्मेथ्रिन फवारून वाळवले असता गोचीड व डास संपर्कात येताच निकामी होतात. हे कीटकनाशक त्वचेवर लावण्यासाठी नाही. ते मासे, मधमाश्या व मांजरे यांना अत्यंत विषारी आहे; त्यामुळे फवारणी घरीच, मोकळ्या हवेत करणे व असे कपडे ओढ्यात न धुणे ही दक्षता घ्यावी लागते.

मुक्काम: साचलेले पाणी, गुरांचा गोठा, वारूळ, पाचोळ्याचा थर व उंच गवत यांपासून दूर, वारा खेळणारी उघडी जागा तंबूसाठी योग्य ठरते. मंद वाऱ्यातही डास व वालुमाशी यांना उडणे कठीण जाते. कडा किंवा झाडावर आग्या मोहोळ नाही, हे उजेड असतानाच पाहून घ्यावे लागते. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या पाहिजेत, तसेच झोपेत हातपाय जाळीला टेकणार नाहीत इतकी ती ऐसपैस असावी. वालुमाशीसाठी अधिक बारीक जाळी किंवा कीटकनाशकभारित मच्छरदाणी लागते. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त भागांत अशा मच्छरदाण्या शासनामार्फत वाटल्या जातात.

अंगतपासणी: गोचीड चिकटल्यापासून जितक्या लवकर निघेल तितका धोका कमी होतो. दिवसाची चाल संपल्यावर काख, जांघ, कंबर, गुडघ्याची मागील बाजू, कानामागे व केसांत तपासणी करावी. साबण लावून अंग घासून स्नान केल्यास न चिकटलेली चिगर व गोचीड निघून जाते. उतरवलेले कपडे अंथरुणावर न टाकता कढत पाण्यात धुणे आवश्यक असते.

पारंपरिक उपाय व समजुती

कडुनिंबाचा पाला व गोवऱ्या यांचा धूर करण्याची प्रथा गोठ्यांत व शेतावरील वस्त्यांत सर्वत्र आढळते. धुराने डास काही काळ दूर राहतात. परंतु बंद जागेत तो श्वसनास अपायकारक असतो. राखीव वनात विनापरवाना आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे आणि मोहोळाजवळचा धूर जीवावर बेतू शकतो. म्हणून घराजवळचा हा उपाय रानात जसाच्या तसा लागू पडत नाही. कडुनिंब व करंज यांचे तेल अंगास लावण्याची रीत आहे. सिट्रोनेला गवताच्या तेलाचाही वापर होतो. ही तेले लवकर उडून जात असल्याने त्यांचा प्रभाव अल्पकाळ टिकतो. शेतातील उंच माळ्यावर किंवा बाजेवर झोपण्याच्या प्रथेमुळे जमिनीलगत वावरणाऱ्या वालुमाशी, चिगर व गोचिडीपासून काही प्रमाणात संरक्षण मिळते.

ध्वनिलहरी सोडणारी उपकरणे, लसूण किंवा ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाणे यांचा डासांवर परिणाम होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल, तूप किंवा चुना लावणे, तिला विडीने चटका देणे हे उपाय अपायकारक आहेत. त्यामुळे गोचीड अधिक लाळ व पोटातील द्रव जखमेत सोडण्याची शक्यता असते.

प्रथमोपचार

साधा दंश साबण-पाण्याने धुऊन त्यावर थंड पाण्याची घडी ठेवावी. कॅलामाइन लोशनने खाज कमी होते. खाजवल्याने जखम चिघळते.

गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत पकडून, न पिळता, सावकाश सरळ वर ओढावी. नंतर जागा व हात साबणाने स्वच्छ धुवावेत. काढलेली गोचीड नखांनी चिरडू नये.

आग्या माश्यांनी हल्ला केल्यास जागेवर थांबून हात न झटकता, तोंड व डोके कापडाने झाकून वेगाने दूर जाणे व बंदिस्त आसरा गाठणे हितावह असते. कड्यावर किंवा अरुंद वाटेवर मात्र पाय घसरण्याचा धोका डंखापेक्षा मोठा ठरू शकतो. मधमाशीची नांगी त्वचेत रुतून विष सोडत राहते, म्हणून ती नखाने किंवा जाड कागदाच्या कडेने तत्काळ काढावी. श्वास लागणे, ओठ किंवा घसा सुजणे, सर्वांगावर गांधी उठणे, भोवळ येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे आहेत. अशा वेळी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाच मुख्य उपचार असून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते. महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका उपलब्ध होते.

प्रवासानंतरचा ताप

दंशजन्य आजारांचे निदान चुकण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे रुग्ण घरी परतल्यानंतर आजारी पडतो. आठ दिवसांपूर्वीचा किल्ला किंवा दोन आठवड्यांपूर्वीची जंगलसफर त्याला तापाशी संबंधित वाटत नाही व शहरातील डॉक्टरांनाही ती ठाऊक नसते. परिणामी स्क्रब टायफससारखा पूर्णतः बरा होणारा आजार साधा विषाणूजन्य ताप समजून अंगावर काढला जातो. रानातून परतल्यावर साधारण तीन आठवड्यांत ताप आल्यास प्रवासाचे ठिकाण, तारीख, दंशाची आठवण, तसेच तेथे मृत माकडे पाहिली असल्यास ती गोष्टही डॉक्टरांना सांगणे निदानासाठी महत्त्वाचे ठरते. हिवतापाची लक्षणे याहूनही उशिरा, काही वेळा अनेक महिन्यांनी प्रकट होऊ शकतात. त्यामुळे हिवतापग्रस्त भागात राहून आलेल्या व्यक्तीने तापात रक्ततपासणी करून घेणे आवश्यक असते.

पर्यावरणीय बाजू

कीटक हे बेडूक, सरडे, वटवाघळे व पक्षी यांचे अन्न आहेत. आग्या मधमाशी ही वनस्पतींच्या परागीभवनात महत्त्वाची भूमिका बजावते. त्यामुळे जंगलात कीटक नष्ट करण्याऐवजी स्वतःच्या शरीराचे संरक्षण करणे हे योग्य धोरण मानले जाते. काजव्यांच्या अधिवासात फवारे वापरल्यास काजवेही मरतात. तेथे अंगास लावायचे मलम व पूर्ण कपडे हा पर्याय उचित ठरतो. मलम लावलेल्या अंगाने कुंडात किंवा सड्यावरील डबक्यात उतरल्यास त्यातील द्रव्ये पाण्यात मिसळून उभयचरांना अपाय करू शकतात.

हेही पहा

हिवताप
डेंग्यू
क्यासनूर जंगल रोग
स्क्रब टायफस
राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था
माळढोक पक्षी अभयारण्य
गिर्यारोहण